पिस्तूल घरी येता येता…

"आपण एक पिस्तूल घेऊन टाकू."

भाकरीचा तुकडा मोडता मोडता आमचे हे इतक्या सहज बोलले, की मला वाटलं, मिक्सरच म्हणताहेत. आमचा मिक्सर महिनाभरापासून खराब होता. मी म्हटलं, "घ्या ना, मी कधीची सांगते आहे." तसा पोरगा खुर्चीतून उडालाच. "आई, बाबा पिस्तूल म्हणताहेत, पिस्तूल!"

सासूबाईंच्या हातातला पेला हातातच राहिला. "पिस्तूल? काऊन रे बाप्पा, कोनाले मारतं?"

गेल्या दिवाळीआधीची ही गोष्ट. आमची अकोल्याला अडत आहे. कापूस, सोयाबीन, तूर. हंगाम सुरू झाला की रोखीची ने-आण वाढते, आणि हे घरी येईपर्यंत माझा जीव दारात असतो. त्या आठवड्यात यांच्या ओळखीच्या एका व्यापाऱ्याला मूर्तिजापूरहून येताना दिवेलागणीला दोघांनी अडवलं. डोळ्यात तिखट टाकलं आणि बॅग नेली. अमरावती-अकोला हा तोच रस्ता, ज्याचं ७५ किलोमीटरचं डांबरीकरण जून २०२२ मध्ये १०५ तास ३३ मिनिटांत झालं आणि गिनीज बुकात नाव गेलं. रस्ता विक्रमी झाला. त्यावरून पैसे घेऊन येणाऱ्या माणसाच्या पोटातला गोळा मात्र तोच राहिला.

तर यांचं ठरलं. लायसन काढायचं. "आता ते जुनं लोखंडी धूड नसतं. नवीन पॉलिमरचं येतं. हलकं असतं. उद्या पोरगी नोकरीला लागली, तिच्याही कामास येईल."

पोरगा दहावीत आहे. मोबाइलवरच्या गोळीबाराच्या खेळातून त्याला सगळी नावं पाठ. कुठल्या पिस्तुलात किती गोळ्या बसतात, हे त्यानं पाढे म्हणावेत तसं म्हणून दाखवलं. अकराचा पाढा विचारला तर अडखळतो! त्याच्या डोळ्यांतली चमक पाहून माझ्या हातातली पोळी तव्यावर करपली.

मी एवढंच म्हटलं, "छोटीला विचारू आधी."

छोटी म्हणजे माझी धाकटी बहीण. अमरावतीला पोलीस उपनिरीक्षक आहे. घरात कुणाला ताप आला की डॉक्टरला विचारतो, तसं पिस्तुलाचं तिला विचारायचं. हे लगेच तयार झाले. त्यांना वाटलं, मेव्हणी आपल्याच बाजूनं बोलेल.

मला वाटलं, बोलणार नाही. का वाटलं, ते पुढे सांगते.

हाताच्या मापाचं हत्यार

छोटी रविवारी आली. साध्या सलवार-कुर्त्यात. पोरानं आधी तिच्या कमरेकडे पाहिलं. ती हसली, "नाही आणलं रे राजा. ड्यूटी संपली की ठाण्यात जमा."

योग असा, की नुकतीच ती एका प्रशिक्षणाहून परतली होती आणि तिथं तिला या नव्या पद्धतीच्या, सुधारित पॉलिमर पिस्तुलावर दोन दिवस सराव मिळाला होता. कुठल्या कंपनीचं, ते तिनं सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. पण ते कसं आहे, हे मात्र तिनं आपण साडीचा पोत पाहतो तितक्या बारकाईनं सांगितलं.

"ताई, तुझी शिवणाची टेप आण," ती म्हणाली. मला वाटलं ब्लाउजचं काही असेल. तिनं माझा पंजा मोजला. मग यांचा. माझं बोट यांच्या बोटापेक्षा चांगलं पेरभर कमी भरलं.

"आता कळलं? हत्यार घडवणाऱ्यानं पहिल्यापासून भाऊजींचा हात डोळ्यांसमोर ठेवला. तुझा-माझा नाही."

आपल्याकडे पोलिसांच्या हाती वर्षानुवर्षं असलेलं नऊ मिलिमीटरचं पिस्तूल पश्चिम बंगालातल्या ईशापूरच्या रायफल फॅक्टरीत बनतं. त्याचा मूळ नमुना ब्राउनिंगचा, १९३५ सालचा. सगळं पोलादी, जवळजवळ किलोभर वजनाचं, १३ गोळ्यांचं. दणकट म्हणजे दणकट. पण उन्हाळ्यात आमच्याकडे पारा ४५ ला टेकतो. बंदोबस्तात बारा तास ते कमरेला वागवायचं, पट्टा एका बाजूला ओढला जातो, कंबर धरते. घामानं आणि पावसानं पोलादावर गंजाचे ठिपके येतात, रोज तेलाचं फडकं फिरवावं लागतं.

पॉलिमर म्हणजे काय, तर एक प्रकारचं मजबूत प्लॅस्टिक. पिस्तुलाचा खालचा भाग, म्हणजे मूठ आणि सांगाडा, तेवढा त्याचा. नळी आणि वरचा मागेपुढे सरकणारा भाग, ज्याला स्लाइड म्हणतात, ते पोलादाचेच. म्हणून "प्लॅस्टिकचं पिस्तूल विमानतळाच्या यंत्रात दिसत नाही" ही निव्वळ आवई. चांगलं दिसतं.

ही कल्पना रुजवली ती गॅस्टन ग्लॉक या ऑस्ट्रियाच्या माणसानं. गंमत म्हणजे हा गृहस्थ पडद्यांच्या दांड्या आणि सुऱ्या करायचा. पिस्तुलाचा धंदा त्याच्या घराण्यात नव्हता. ऑस्ट्रियाच्या सैन्याला नवं पिस्तूल हवं होतं, यानं प्लॅस्टिकच्या कामाचा अनुभव वापरला आणि १९८२ मध्ये त्याचं पिस्तूल सैन्यानं घेतलं. त्याच्याआधी १९७० मध्ये एका जर्मन कंपनीनं असा प्रयोग केला होता, पण जगभर पसरलं ते ग्लॉकचं. १७ गोळ्या आणि वजन रिकामं असताना सुमारे ७०० ग्रॅम. ग्लॉक २०२३ च्या डिसेंबरात ९४ व्या वर्षी वारला. आपल्याकडे एनएसजीच्या कमांडोंकडे हेच पिस्तूल आहे. दिल्ली पोलिसांनी २०१८ मध्ये ईशान्येकडच्या ३६ मुलींचं कमांडो पथक उभं केलं, त्या मुलींनाही ग्लॉकच दिलं होतं.

छोटीला आवडलं ते मुठीचं. नव्या सुधारित पिस्तुलांमध्ये मुठीच्या मागच्या बाजूला बदलता येणारी पट्टी असते. लहान, मध्यम, मोठी. हाताप्रमाणे बसवायची. "पंधरा वर्षांच्या नोकरीत पहिल्यांदा माझं बोट चापावर नीट पोचलं गं ताई," ती म्हणाली. "आजवर मूठ थोडी फिरवून धरायची. नेम डावीकडे जायचा आणि शिक्षक म्हणायचे, बायकांचा हात हलतो. हात हलत नव्हता, मूठ मोठी होती!"

हे ऐकून मला आमच्या स्वयंपाकघराचा ओटा आठवला. गवंड्यानं स्वतःच्या उंचीचा केला आणि वीस वर्षं माझे खांदे दुखताहेत.

गुण तसे दोष

मेव्हणी कौतुक करतेय म्हटल्यावर यांची कळी खुलली. पण छोटी पोलीस आहे, तिनं पंचनामा पुरा केला.

हलकं असण्याची दुसरी बाजू म्हणजे धक्का. गोळी सुटताना जड पिस्तूल स्वतःच्या वजनानं धक्का पिऊन टाकतं. हलकं ते हातावर देतं. पॉलिमर थोडं लवचीक असल्यानं काही धक्का त्यात जिरतो. पण मनगट ढिलं राहिलं तर स्लाइड पुरती मागे जात नाही आणि रिकामी पुंगळी अडकते. म्हणजे ऐन वेळेला पिस्तूल मुकं! पहिल्या दिवशी तिच्या गटातल्या तिघींचं असं अडकलं. दुसऱ्या दिवशी मनगट घट्ट धरायला शिकल्यावर थांबलं. "पण ते शिकायला त्या दोन दिवसांत आम्ही जितक्या गोळ्या झाडल्या, तितक्या एरवी कितीतरी वर्षांत हाती येत नाहीत. भाऊजी कुठं झाडणार?"

स्लाइड ओढायला जोर लागतो, हीही बायकांची नेहमीची तक्रार. त्याची युक्ती तिनं लाटणं घेऊन दाखवली. स्लाइड ओढायची नसते. एका हातानं ती घट्ट धरायची आणि दुसऱ्या हातानं मूठ पुढे ढकलायची, दोन्ही हात छातीजवळ ठेवून. वरवंटा ओढणाऱ्या हातांना ते जड नाही.

आणि मग सगळ्यात महत्त्वाचं. जुन्या पिस्तुलाला बाहेरून अंगठ्यानं लावायचा खटका असतो. या नव्या धाटणीच्या बऱ्याच पिस्तुलांना तो नसतो. सगळी सुरक्षा आतच. चापातच एक छोटा चाप असतो, बोटानं दोन्ही एकदम दाबले तरच गोळी सुटते. हातातून खाली पडलं तरी सुटत नाही. ड्यूटीवर हे सोयीचं. घाबरलेल्या हाताला खटका शोधावा लागत नाही.

"पण ताई, त्या चापाला बोट आणि इतर वस्तू यातला फरक कळत नाही. ओढणीचं टोक, पर्समधली किल्ली, लेकराचं बोट… चाप दाबला गेला की गोळी सुटली. म्हणून आमच्याकडे ते कडक होल्स्टरमध्ये असतं, चाप पूर्ण झाकलेला. पर्समध्ये कंगव्याशेजारी ठेवायची ही वस्तू नाही."

साफ करतानाचे अपघातही यातूनच होतात. अशी कित्येक पिस्तुलं खोलताना आधी चाप दाबावा लागतो. मॅगझिन काढलं म्हणजे पिस्तूल रिकामं झालं, असं माणूस धरून चालतो. नळीत एक गोळी राहिलेली असते. तेवढी पुरते.

पोरगा एकदम गप्प झाला होता. खेळात साफसफाई नसते.

तुळशीपासून ओट्यापर्यंत

"ते सगळं ठीक आहे," हे म्हणाले. "शिकेन मी. पण वेळेला जवळ असलेलं बरं की नाही?"

"चला अंगणात," छोटी उठली.

तिनं टीव्हीचा रिमोट यांच्या कमरेला खोचला, वरून शर्ट सोडला. "हे तुमचं पिस्तूल." स्वतः लाटणं घेतलं. "हा माझा सुरा." आणि तुळशीवृंदावनापाशी जाऊन उभी राहिली. तिथून मागच्या दाराचा ओटा सात पावलं असेल, म्हणजे वीस-एकवीस फूट. "मी निघाले की तुम्ही रिमोट काढायचा आणि माझ्यावर रोखायचा. बस्."

निघाली. यांनी शर्ट वर केला, रिमोट बनियनमध्ये अडकला आणि लाटणं यांच्या पोटाला टेकलं. सासूबाई पदर तोंडाला लावून हसायला लागल्या. पुन्हा केलं. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा रिमोट निघाला, पण यांच्या स्वतःच्या मांडीकडे तोंड करून. मग मी केलं. माझा तर रिमोट खालीच पडला.

अमेरिकेतल्या डेनिस टुलर नावाच्या पोलीस प्रशिक्षकानं हेच मोजून १९८३ मध्ये लिहिलं होतं. एकवीस फुटांवरून सुरा घेऊन धावणारा माणूस सुमारे दीड सेकंदात अंगावर येतो, आणि तेवढ्यात शिकलेला पोलीस जेमतेम पिस्तूल काढून झाडतो. हे झालं कमरेला पिस्तूल, हाताला सवय आणि डोळे समोर असलेल्या माणसाचं. तिखट टाकणारा तर एकवीस फुटांवरून सांगून येत नाही.

"आता घरातलं बघू," छोटी म्हणाली. "घरी पोरगा आहे. म्हणजे पिस्तूल कुलपात, गोळ्या वेगळ्या कुलपात. किल्ली?"

"माझ्याकडे," हे म्हणाले.

"रात्री दोन वाजता चोर आला. तुम्ही उठा, चष्मा शोधा, किल्ली शोधा, कपाट उघडा, दुसरं कपाट उघडा, गोळ्या भरा…"

सासूबाई म्हणाल्या, "तवरोक तो चोर च्या पिऊन जाईन ना बाप्पा!"

सगळे हसलो. हेही हसले. पण छोटी हसली नाही. "आणि उशाखाली भरलेलं ठेवलं, तर ते आधी चोराच्या हाती लागेल की पोराच्या, सांगता येत नाही. वरून नऊ मिलिमीटरची गोळी पत्र्याच्या दारातून, प्लायवूडच्या पार्टिशनमधून आरपार जाते. पलीकडे कोण झोपलंय?"

पलीकडे सासूबाईच झोपतात.

ड्यूटीचं पिस्तूल आणि घरचं पिस्तूल यातला फरक मला त्या अंगणात कळला. ड्यूटीवरच्या पिस्तुलामागे प्रशिक्षण असतं, वायरलेसवर साथीदार असतात, सुटलेल्या प्रत्येक गोळीचा हिशेब असतो. घरच्या पिस्तुलामागे फक्त घरचा माणूस असतो.

लायसनची वाट

तरीही कायदा काय म्हणतो, हे छोटीनं कागदावर लिहून दिलं. तुमच्याही घरी हा विषय निघू शकतो म्हणून सांगते.

पहिलं म्हणजे नऊ मिलिमीटरचं पिस्तूल आपल्याकडे सर्वसामान्य माणसाला मिळतच नाही. ते 'प्रतिबंधित बोअर'मध्ये मोडतं. परदेशी बनावटीचं नवं आणायलाही सामान्य नागरिकाला परवानगी नाही. मिळतं ते पॉइंट ३२ सारख्या बोअरचं, देशात बनलेलं. म्हणजे पोराच्या मोबाइलमधलं जे यांच्या मनात भरलं होतं, ते दुकानात नव्हतंच!

'निर्भीक' आठवतं? दिल्लीच्या त्या भयंकर घटनेनंतर जानेवारी २०१४ मध्ये कानपूरच्या सरकारी कारखान्यानं खास बायकांसाठी म्हणून काढलेलं रिव्हॉल्व्हर. टायटॅनियमच्या मिश्रधातूचं, अर्ध्या किलोचं, सहा गोळ्यांचं. दागिन्यासारख्या मखमली डबीत मिळायचं. किंमत १ लाख २२ हजार ३६० रुपये! तेव्हाही अनेकींनी विचारलं होतं, की बसस्टँडवर उभी राहणारी, शेतात निंदायला जाणारी कुठली बाई हे घेणार? डबी सुंदर होती, पण भीती होती ती गावाच्या रस्त्यावर आणि कधी कधी घराच्या आत.

परवाना शस्त्र कायदा १९५९ खाली मिळतो. अकोल्यात अर्ज जिल्हाधिकाऱ्यांकडे, अमरावती शहरात पोलीस आयुक्तांकडे. वय २१ पूर्ण हवं. पोलीस चौकशी होते, जिवाला खरोखर धोका आहे का ते पाहिलं जातं. २०१६ च्या नियमांप्रमाणे शस्त्र हाताळण्याचं प्रशिक्षण लागतं आणि घरात सुरक्षित ठेवण्याची हमी द्यावी लागते. २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका माणसाला जास्तीत जास्त दोनच शस्त्रं ठेवता येतात आणि परवाना पाच वर्षांचा असतो. लग्नात-वरातीत हौसेनं बार काढून लोकांचा जीव धोक्यात घातला तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. निवडणूक आली की ठाण्यात जमा करायला सांगतात. आणि स्वसंरक्षणाचा हक्क आहेच, भारतीय न्याय संहितेच्या ३४ ते ४४ या कलमांत. पण गरजेपेक्षा जास्त इजा केली तर तो हक्क तुमच्या बाजूनं उभा राहत नाही. गरजेइतकं किती, हे मागाहून कोर्ट ठरवतं.

हे सगळं हे मान डोलावत ऐकत होते. मग छोटी शेवटच्या ओळीवर आली.

"आणि डॉक्टरांचा दाखला लागतो भाऊजी. शरीराच्या प्रकृतीचा, आणि मनाच्याही."

ओसरीवर एकदम शांत झालं. सासूबाई वाती वळत होत्या, त्यांचा हात थांबला.

आता ते सांगते, जे मी इतका वेळ टाळलं.

तीन वर्षांपूर्वी एका मोठ्या व्यवहारात आमचे पैसे अडकले. शेतकऱ्यांचं देणं मात्र आम्हीच लागत होतो. यांची झोप गेली. रात्री दोन-दोन वाजता ओसरीवर फेऱ्या मारायचे. बोलणं बंद, जेवण बंद. अमरावतीच्या डॉक्टरांकडे वर्षभर औषध चालू होतं, आणि ते 'बीपीचं आहे' म्हणून आम्ही पाहुण्यांना सांगायचो. त्या काळात मी गच्चीच्या दाराला कुलूप लावून किल्ली उशाखाली घेऊन झोपायची. गोठ्यातला फवारणीचा डबा छोटीनंच एक दिवस गुपचूप अमरावतीला नेला. आपल्या वऱ्हाडात कुणाला समजावून सांगावं लागतं का, की असा डबा हाताशी का नसावा? कित्येक घरांतला माणूस त्या एका वाईट तासात गेलाय. तो तास निघून गेला असता, डबा लांब असता, तर आज अंगणात बसून चहा पीत असता.

चोराची भीती मला होतीच. पण पिस्तूल म्हटल्यावर माझ्या डोळ्यांसमोर चोर आला नाही. ओसरीवरच्या फेऱ्या आल्या.

नंतर मी वाचलं, तेव्हा कळलं की हे माझ्या मनाचे खेळ नव्हते. अमेरिकेत घरोघरी बंदुका, त्यामुळे अभ्यासही तिथलेच. १९९३ मध्ये केलरमन या डॉक्टरांनी मांडलं, की घरात बंदूक असली तर घरात कुणाचा खून होण्याचा धोका कमी होत नाही, सुमारे २.७ पट वाढतो, आणि करणारा बहुतेकदा घरचा किंवा ओळखीचा असतो. २०२० मध्ये कॅलिफोर्नियातल्या कोट्यवधी लोकांच्या नोंदी तपासल्या, तेव्हा पिस्तूल बाळगणाऱ्या पुरुषांमध्ये आत्महत्येचं प्रमाण न बाळगणाऱ्यांच्या तिपटीहून जास्त निघालं, आणि बायकांमध्ये सातपटीहून! बाईच्या रक्षणासाठी म्हणून घेतलेली वस्तू शेवटी कुणावर उलटते, बघा.

छोटीनं यांना यातलं काही सुनावलं नाही. ती फक्त म्हणाली, "भाऊजी, मी रोज हे हत्यार वागवते. चांगलं आहे. माझ्या कामाला आजवरचं सगळ्यात चांगलं आहे. पण माझा स्वतःचा दिवस वाईट असला, तर मीसुद्धा ते लवकर जमा करून टाकते. घरी नेण्याची मुभा असती तरी नेलं नसतं."

हे काही बोलले नाहीत. उठून फाटकापर्यंत गेले, परत आले. मग म्हणाले, "चहा टाक."

त्या रात्री झोपताना दिवा मालवल्यावर म्हणाले, "ती गच्चीची किल्ली… तू उशाखाली ठेवायचीस ना, मला माहीत होतं."

मी काय बोलणार? मला वाटायचं, यांना कळलंच नाही कधी.

"राग यायचा तेव्हा. पण बरं केलंस," एवढं बोलून कूस बदलली. तीन वर्षांत त्या दिवसांबद्दल यांच्या तोंडून निघालेलं ते पहिलं वाक्य होतं. मी बराच वेळ जागी होते. यांचा घोरण्याचा आवाज इतका गोड मला कधी वाटला नव्हता.

अर्ज भरला नाही. त्याऐवजी काय केलं, तेही सांगते, कारण नुसतं 'नको' म्हणून भीती जात नाही. मोठी रक्कम आता बँकेतूनच शेतकऱ्याच्या खात्यात जाते. थोडी रोख लागते, ती नेताना गाडीत दोघं असतात, वेळ रोज बदलते आणि दिवेलागणीच्या आत घर. निघाल्याचा फोन, पोचल्याचा फोन. ११२ नंबर सगळ्यांच्या मोबाइलमध्ये वर ठेवला. पोरगी अमरावतीला शिकते, तिला छोटीनं कराटेच्या वर्गात घातलं. आम्ही दोघी बहिणी लहानपणी उन्हाळ्याच्या सुटीत हनुमान व्यायाम प्रसारक मंडळात लाठी शिकलो होतो. १९१४ साली वैद्य बंधूंनी सुरू केलेली ती जागा. लाठी मी विसरले, पण ओरडायला लाजायचं नाही, हे तिथं शिकले ते अजून विसरले नाही. मिरचीचा स्प्रे पोरीच्या पर्समध्ये आहे. त्याला परवाना लागत नाही.

पोराला मात्र पिस्तुलाचं वेड आहेच. नुसतं रागावून ते जाणार नाही. छोटी म्हणाली, आवड असेल तर रायफल क्लबात शिकू दे, गुरूच्या नजरेखाली. आपल्या कोल्हापूरच्या राही सरनोबतनं २०१८ च्या एशियाडमध्ये २५ मीटर पिस्तुलात सुवर्णपदक आणलं, ते अशाच शिस्तीतून. दहावी झाली की बघू, असं म्हटलंय. आधी अकराचा पाढा.

आणि हो, तुमच्या घरात कुणाची झोप उडाली असेल, कुणी बोलेनासं झालं असेल, तर 'बीपी आहे' म्हणून झाकू नका. टेलिमानस म्हणून सरकारी फोन आहे, १४४१६. पैसे पडत नाहीत, मराठीत बोलता येतं. मी तेव्हा एकटीनंच किल्ली सांभाळली. तुम्ही सांभाळू नका.

दिवाळीला घरी नवीन वस्तू आली, ती मिक्सर. चटणी वाटताना इतका आवाज करतो, की सासूबाई म्हणतात, "यापरीस थे पिस्तूल बरं होतं बाप्पा!"